देण्याआधी अर्थिंग

गणपती पोचवले की आमच्या पडवीत मिक्सर जमायला लागतात. चाकरमानी मुंबईहून येताना नवा घेऊन आलेले असतात, घरातला जुना फडताळात गेलेला असतो, आणि परतीच्या गाडीच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी तो पिशवीतून घेऊन येतं. "अण्णानू, बघा जरा चलता काय. चललो तर कोणाक तरी देवा." मे महिन्यात पंखे आणि फ्रीज येतात. मोसम संपून तारकर्ली-देवबागकडचे होमस्टेवाले खोल्या आवरायला लागले की इस्त्र्या, किटल्या, छोटे गिझर येतात, बहुतेक मिठाने खाल्लेले.

मी मालवण तालुक्यातला. उभं आयुष्य मोटरी भरण्यात, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार गुंडाळण्यात गेलं: विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, कधी बर्फाच्या कारखान्यातलं काम. गुडघे बोलायला लागले तेव्हा दुकान बंद केलं. पण टेस्टिंग बोर्ड, मेगर आणि तार भरायचं यंत्र घरी आणलं, त्यातून हे सुरू झालं. नको असलेली वस्तू घ्यायची, नीट करायची, ज्याला लागते त्याला द्यायची. यातला दुरुस्तीचा भाग सोपा. खरी कटकट वस्तू चालू झाल्यावर सुरू होते.

आलेली वस्तू मी कधी थेट प्लगात घालत नाही. वर्षातले अकरा महिने बंद असलेल्या घरातून आलेल्या यंत्राच्या पोटात काय असेल, सांगता येत नाही. पंख्याच्या कपात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं असतं. उंदरांनी वायर सोललेली असते. वॉशिंग मशीनच्या सर्किटवर वाळून चिकटलेली पाल तर नेहमीचीच. ती उबेला आत शिरते, दोन टोकांवर पाय ठेवते, आणि स्वतःबरोबर मशीनही घेऊन जाते. म्हणून आधी उघडायचं, ब्रश मारायचा, ऊन दाखवायचं. मग सिरीज लॅम्प. वस्तूकडे जाणाऱ्या वाटेत एक तारेचा बल्ब घालतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि पुढचं काही जळत नाही. सगळं ठीक असेल तर तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही. इथे एलईडी उपयोगाचा नाही, तारेचाच बल्ब लागतो. तो आता दुकानात मागितला की पोरगं वर बघतं आणि आतल्या आजोबांना हाक मारतं. माझ्याकडचा साठा मी अंड्यांसारखा जपतो.

किनाऱ्यावरच्या दुरुस्तीत एक गोष्ट घाटावरच्या मेकॅनिकला पटवून द्यावी लागते: इथे ओल वेगळी असते. हवेतलं मीठ टर्मिनलवर बसतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. दुपारी कोरडं दिसणारं वाइंडिंग, म्हणजे मोटरीतलं तारेचं वेटोळं, तिन्हीसांजेला परत ओलं होतं. नुसतं उन्हात ठेवून भागत नाही, कारण मीठ जागच्या जागी राहतं. म्हणून मिठाने पांढरी पडलेली मोटर मी आधी गोड्या पाण्याने धुतो. बघणारे घाबरतात. धुऊन झाली की लाकडी खोक्यात बल्ब लावून तिला रात्रभर भाजायची, मग वॉर्निश, मग परत भाजायची. मेगरने पाचशे व्होल्ट लावून वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध बघायचा. तो एक मेगाओमच्या खाली असेल तर मी वस्तू पडवीबाहेर सोडत नाही. आषाढात आलेली मोटर कधी कधी पावच दाखवते, आणि भाजल्यावर तीच आरामात वीस-तीसवर जाते. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला, तेव्हा तिकडच्या नातेवाइकांनी पंप आणि पंखे "आता भंगारात" म्हणून बाजूला काढले होते. गाळ धुऊन, भाजून, त्यातले बरेचसे फिरले. टीव्ही मात्र एकही वाचला नाही.

आमच्याकडे मिक्सर मरतो तो वाटपाने. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, पाणी जेमतेम, कारण वाटप पातळ झालं तर सासू बोलणार. मोटर घरघरते, गरम होते, आणि तळाशी असलेलं ओव्हरलोडचं बटण बाहेर येतं. मिक्सर उलटा करून, थोडं थांबून ते बटण आत दाबलं की यंत्र परत चालू. पिशवीतून आलेले काही मिक्सर मी एवढंच करून चालू केलेत. त्यांचे मालक तोवर नवा घेऊन मोकळे झालेले. उरलेल्यांत बहुतेकदा कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन तुकडे, झिजलेले असतात. चाळीस-पन्नास रुपयांत जोडी मिळते. कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक काचकागद फिरवायचा. एमरी पेपर नको, त्याची पूड वीज वाहते आणि पट्ट्यांच्या फटीत बसते. मोटर आणि जार जोडणारा कपलर तुटला असेल तर वाईट वाटून घेऊ नये. जाम झालं तर मोटरच्या आधी त्यानेच तुटायचं असतं. पण सगळ्यात आधी मी जार बघतो. जारच्या बुशातून पाणी गळत असेल तर ते सरळ मोटरच्या बेअरिंगवर जातं, आणि वरचं सगळं करून पंधरा दिवसांत मिक्सर परत माझ्या दारात.

म्हणून मिक्सर जारसकट लागतो. एका वयनींनी मिक्सर आणून दिला, जार नव्हता.

"वयनी, जार खय?"

"जार माका व्हयो. नव्याक बसता काय बघतंय."

बसत नाही. कंपनी बदलली की कपलरचे दात बदलतात. तो जार त्यांच्या घरात आता बटाटे ठेवायला आहे म्हणे, आणि मिक्सर माझ्याकडे सुट्ट्या भागांसाठी उघडून पडलाय. देणाऱ्यांबद्दल फार बोलू नये, पण काहींना दान करायचं नसतं, माळा रिकामा करायचा असतो. दोन्ही चालतं, दुसऱ्याला पहिल्याचं नाव मात्र देऊ नये.

छताचे पंखे सोपे. "हळू फिरता" म्हणून आलेल्या पंख्यात बहुतेकदा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गेलेला असतो. तो बदलला, बेअरिंग बदललं, की पंखा तरुण. मला खटकतं ते वेगळंच. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टारचं लेबल सक्तीचं झालं आणि तीस वॅटच्या आसपास खाणारे बीएलडीसी पंखे गावातल्या दुकानांतही टांगले गेले. ज्यांना परवडतं त्यांनी ते घेतले आणि पंचाहत्तर वॅटचे जुने माझ्याकडे आणले. म्हणजे पैसेवाल्याचं वीजबिल उतरलं आणि जास्त खाणारा पंखा मी गरिबाच्या छताला लावायला निघालो. रात्री दहा तास चालला तर पाऊण युनिट. ज्या घरात पंखाच नाही तिथे हे ठीक आहे, घामोळ्यांपेक्षा बरं. पण चालू पंखा काढून "हा मोठा आहे" म्हणून दुसरा लावायला मी जात नाही.

फ्रीजच्या बाबतीत हाच हिशेब एका मासेवालीने मला शिकवला.

मालवणातल्या एका घरातून एकशे पासष्ट लिटरचा जुना फ्रीज आला होता. देणाऱ्यांनी तो टेम्पोत आडवा घालून पाठवला, म्हणून आधी एक दिवस नुसता उभा ठेवला; आडव्या प्रवासात कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपांत जातं, ते खाली यायला वेळ द्यावा लागतो. मग कॉम्प्रेसरच्या तीन पिना मीटरवर मोजल्या. कॉमन ते रन आणि कॉमन ते स्टार्ट यांची बेरीज स्टार्ट ते रन एवढी आली, बॉडीशी कुठे संबंध नाही, म्हणजे वाइंडिंग शाबूत. कॉम्प्रेसर सुरू करून देणारा रिले गेला होता, तो बदलला. दाराच्या गॅस्केटमध्ये कागद धरून दार लावलं तर कागद सहज ओढून निघत होता. गॅस्केट गरम पाण्याने शेकून ताणलं, तरी एका कोपऱ्यात ऐकेना, तेव्हा नवं घातलं. गॅस भरलेला होता. गॅसच्या कामाला मी हात लावत नाही, त्यासाठी कुडाळहून मेकॅनिक येतो.

पहिल्यांदा मनात आली ती शेजारच्या वाडीतली मासे विकणारी बाई. मी उत्साहाने सांगायला गेलो. तिने पाटी खाली ठेवली.

"काकानू, फ्रीज घेवन मी काय करू? मासो माझो बर्फात ऱ्हवता. दुपारपर्यंत खपता. आणि बिल कोण, तुमी भरतल्यात?"

घरी येऊन फ्रीजला मीटर लावला. दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास, म्हणजे महिन्याला अडतीस. तिच्या घरात दोन बल्ब, एक पंखा, एक टीव्ही, सत्तर युनिटांच्या आत सगळं. त्यात अडतीस घातले की शंभरची रेघ ओलांडली, आणि शंभरच्या वरच्या युनिटांचा दर चढा असतो. मी तिला दरमहा येणारं एक बिल भेट द्यायला गेलो होतो. ती शाळेत किती शिकली ठाऊक नाही, पण तिचं गणित माझ्या मीटरच्या आधी झालं होतं.

तो फ्रीज अखेर एका म्हाताऱ्या बाईंकडे गेला, ज्यांना रोज इन्सुलिन लागतं. त्या एकट्या राहतात, मुलगा डोंबिवलीला. इन्सुलिनची न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत ठेवायची असते, आणि त्या ती मातीच्या मडक्यात, ओल्या फडक्यात ठेवत होत्या. मे महिन्यात मडकं किती थंड राहणार? इथे बिलाचा प्रश्न वेगळा झाला, मुलगा म्हणाला, "काका, बिल मी भरतंय, तुमी फक्त बसवा."

बसवायला गेलो तर प्लगला तिसरी पिन होती, सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्या भोकामागे काही नव्हतं. जुन्या घरांत अर्थिंगची, म्हणजे बॉडीत गळलेली वीज जमिनीत नेणारी, तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची. पाइप जमिनीत, जमीन ओली, काम भागायचं. मग नळयोजना नवी झाली, पाइप प्लास्टिकचा आला, आणि तार तशीच प्लास्टिकला गुंडाळलेली राहिली. दिसायला सगळं जागेवर. आमच्या भागात मी ज्या ज्या घरात वस्तू द्यायला गेलोय, त्यांतल्या बऱ्याच घरांत हेच आहे. पत्र्याच्या बॉडीची वस्तू अशा घरात देणं म्हणजे जोखीम पोचवून येणं. त्यात न्हाणीतून ओल्या पायाने येऊन फ्रीजचं दार उघडायची सवय.

तेव्हापासून माझा क्रम ठरला: घर आधी, वस्तू नंतर. बाईंच्या परसात खड्डा मारायला घेतला. खाली जांभा. उन्हाळ्यात जांभा असा सुकतो की त्यात पुरलेला पाइप पुरून न पुरल्यासारखाच. म्हणून जागा निवडली ती न्हाणीचं पाणी जिथे माडाच्या अळ्यात जातं तिथे, बारमाही ओल. जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. दोन दिवसांनी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभरचा बल्ब लावून बघितला, जवळपास पूर्ण उजेड आला. ही तपासणी आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवण्याआधी करायची, नाहीतर तो लगेच पडतो. पडण्यासाठीच तर असतो. मग तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, त्याचे पैसे मुलाने पाठवले.

फ्रीज लावल्यावर पेल्यात पाणी भरून त्यात थर्मामीटर ठेवला आणि रात्रभर मधल्या कप्प्यात राहू दिला. हवेचं तापमान दार उघडलं की उडी मारतं, पाण्याचं खरं सांगतं. सकाळी तीन अंश. थर्मोस्टॅट थोडा सैल केला, दुसऱ्या दिवशी पाच. बाईंना दोन गोष्टी सांगितल्या: बाटली बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवायची नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलेलं असतं, आणि वीज गेली तर दार उघडून "अजून थंड आसा काय" बघत बसायचं नाही. दुसरी गोष्ट त्या ऐकत नाहीत.

विजेचं इथलं गणित वेगळंच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा खांबच्या खांब आडवे झाले. कित्येक वाड्या दिवसेंदिवस अंधारात होत्या, आणि नंतर माझ्याकडे जळलेले फ्रीज, टीव्ही, चार्जर यांची रीघ लागली. न्यूट्रलची तार तुटली की दोनशे तीसच्या जागी घरात चारशेच्या घरात व्होल्टेज शिरू शकतं. म्हणून मी देतो त्या फ्रीजबरोबर व्होल्टेज कट-ऑफ असलेला स्टॅबिलायझर जातो, आणि गडगडायला लागलं की प्लग काढायचा, हे पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. स्टॅबिलायझरही जुनेच मिळतात. घाटावर गेलेली माणसं ते सोडून जातात.

आता पैशांबद्दल. सुरुवातीला मी सगळं फुकट देत होतो. मग लक्षात आलं की फुकट घेतलेली वस्तू बिघडली तर माणूस सांगायला येत नाही. "एवढा दिल्यानी, आता परत खय सांगू" असं म्हणून मिक्सर माळ्यावर जातो, आणि दोन रुपयांच्या वायरीच्या टोकासाठी बाई परत पाट्यावर वाटायला बसते. म्हणून मी सुट्या भागांचे पैसे घेतो. कार्बनचे, कपॅसिटरचे, जे लागले ते, तेवढेच. पैसे दिलेला माणूस हक्काने भांडायला येतो: "अण्णानू, तुमचो मिक्सर परत घरघरता!" असं कोणी ओरडत आलं की मला बरं वाटतं. ज्यांना पैसे जड जातात ते सोलां आणतात, नारळ आणतात. सोलां मी नाही म्हणत नाही.

एकदा देणाऱ्यानेच गोंधळ घातला. टेबल फॅन पूर्ण जळलेला होता, मी तो भरला, आणि आंब्याच्या बागेत मांगरात राहणाऱ्या नेपाळी राखणदाराला दिला. मोहर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत ही माणसं बागेत असतात. मांगर पत्र्याचा, बायकामुलं आत, एप्रिलची दुपार. मे महिन्यात पंख्याचा मूळ मालक आंबे बघायला त्याच बागेत गेला आणि पंखा ओळखला.

"अण्णा, ह्यो माझोच मा? चलता? मग माका देवा परत. मुंबैत गॅलरीत लावतंय."

मी म्हटलं, नेवा. फक्त भरणावळ द्या: तांब्याची तार, वॉर्निश, मजुरी. आकडा ऐकल्यावर ते म्हणाले, राहू दे, गरिबाच्या उपयोगी पडतोय. तेव्हापासून वही आहे. वस्तू, तारीख, देणाऱ्याची सही, आणि त्याखाली छापील अक्षरांत "परत मागणार नाही". कोणाला दिली ते देणाऱ्याला सांगत नाही. फोटो काढून पाठवा म्हणणारे असतात. त्यांना मी चालू पंख्याचा फोटो पाठवतो, माणसाचा नाही.

जे दुरुस्त होत नाही त्याचं काय करायचं, हा भाग मला अजून नीट जमवता आलेला नाही. भंगारवाला तांब्यासाठी वायरी जाळतो, तो काळा धूर वाडीवर बसतो. फ्रीजचा पाइप कापून गॅस सोडून देतो. फार जुन्या फ्रीजमध्ये ओझोन खाणारा आर-१२ असायचा, आणि नव्यांत आर-६००ए असतो, जो पेट घेतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, बनवणाऱ्या कंपन्यांवर जबाबदारी आहे, पण आमच्या वाडीपासून ती जबाबदारी बरीच लांब राहते. मी सर्किट आणि जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही वेगळे ठेवतो आणि कोल्हापूरकडे रिकामा जाणारा टेम्पो मिळाला की नोंदणी असलेल्या माणसाकडे पाठवतो. जागा अडते, बायको बोलते, तिचं बरोबर आहे. मायक्रोवेव्ह मी घेतच नाही. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्ट धरून बसलेला असू शकतो, आणि पडवीत नातवंडं फिरतात.

हल्ली वाडीतली एक मुलगी शनिवारी येते. आयटीआयला वायरमनच्या ट्रेडला आहे. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, सोल्डरिंग तर फारच सुबक. तिचं आणि माझं एका गोष्टीवर जमत नाही. ती म्हणते, प्रत्येक घरात आपण अर्थिंगचा खड्डा मारत बसलो तर मिक्सर कधी करणार? हे काम ग्रामपंचायतीने घ्यावं, निदान एकटी माणसं राहतात त्या घरांत तरी. मी म्हटलं, पंचायत कसली करते, अर्ज कपाटात जाईल. ती म्हणाली, तुम्ही अर्ज केलात का कधी? मी म्हटलं, तू कर. तिने केलाय, घरांची यादी जोडून, कुठल्या घरात तार कुठे तुटली आहे ते चित्र काढून. सरपंचांनी बुधवारी आम्हा दोघांना बोलावलंय.